गिम्प : बर्कलेच्या प्रयोगशाळेपासून तिसऱ्या आवृत्तीपर्यंत

लिनक्सकडे वळणारा फोटोग्राफर पहिला प्रश्न विचारतो तो हाच : आता फोटोशॉपचे काय? अडोबीने फोटोशॉप लिनक्ससाठी कधी काढलेच नाही. त्यामुळे गेली तीस वर्षे या प्रश्नाला पहिले उत्तर मिळते ते गिम्प.

त्याची सुरुवात बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात झाली. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांचा कंपायलरच्या अभ्यासक्रमातला प्रकल्प पुरता फसला आणि त्याच्या राखेतून हा प्रोग्राम उभा राहिला. नोव्हेंबर १९९५ मध्ये त्याची घोषणा झाली, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला ०.५४ ही आवृत्ती लोकांच्या हाती आली. लिनक्सचा पेंग्विन टक्स लॅरी युइंग यांनी १९९६ मध्ये याच आवृत्तीत रंगवला.

पण खिडक्या आणि बटणे दाखवण्यासाठी ०.५४ ला मोटिफ लागे आणि मोटिफ विकत घ्यावे लागे. प्रोग्राम खुला, त्याचा पाया मात्र परक्याच्या मालकीचा! मॅटिस यांनी मग पायाच नवा लिहिला, तो जीटीके. पुढे ग्नोम हा अख्खा डेस्कटॉप त्यावर उभा राहिला. माझ्या मते गिम्पने जगाला दिलेली सर्वांत मोठी देणगी हीच.

शिक्षण संपल्यावर दोघेही या कामातून बाहेर पडले. काही काळ प्रकल्पाला धनी उरला नाही. पण कोड सर्वांसाठी खुला होता, म्हणून इतरांनी तो हाती घेतला आणि जून १९९८ मध्ये १.० आवृत्ती निघाली.

२००४ च्या २.० आवृत्तीपासून अक्षरांचे काम पँगो या अक्षरमांडणीच्या लायब्ररीकडे आले. आपल्यासाठी ही मोठीच गोष्ट. साधा युनिकोड फाँट निवडावा, 'श्रीकृष्ण' टाइप करावे, तर जोडाक्षरे न तुटता चित्रावर उमटतात. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

सर्वांत रखडले ते रंगांच्या खोलीचे काम. जुने गिम्प प्रत्येक रंगाच्या २५६ छटाच ओळखे. संध्याकाळचे आकाश थोडे उजळले की त्यात पट्टे दिसू लागत. यावर उपाय म्हणून गेगल हे नवे इंजिन २००० मध्ये सुरू झाले, पण ते गिम्पच्या गाभ्यात बसवायला माणसे पुरत नव्हती. अखेर २०१२ मध्ये मायकेल नॅटरर आणि ओय्विंड कोलास या दोघांनी तीन आठवडे ठाण मांडून गाभ्याचा बहुतेक भाग गेगलवर आणला. तरीही ते सर्वांच्या हाती पोचले २०१८ मध्ये, २.१० आवृत्तीतून. एवढा उशीर झाला याची खंत वाटते. हे काम पुऱ्या वेळेच्या पगारदार चमूविना झाले, याचा आदरही तितकाच वाटतो.

मार्च २०२५ मध्ये ३.० आली. पूर्वी ब्लर लावला की तो चित्रात कायमचा मुरे. आता लेयरशेजारी 'एफएक्स' खूण दिसते. तिच्यावर क्लिक करून तो ब्लर कमी करा, लपवा किंवा काढून टाका, मूळ फोटो जसाच्या तसा.

उणिवा आहेतच. छपाईसाठी लागणारा पूर्ण सीएमवायके मोड अजून नाही. कॅमेऱ्याची रॉ फाइल आधी डार्कटेबल किंवा रॉथेरपीमध्ये उघडावी लागते. तरी घरचे फोटो, वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावरची चित्रे, शाळेची भित्तिपत्रके यांसाठी मी गिम्पच सुचवेन. मात्र फोटोशॉपचे शॉर्टकट त्यात शोधत बसू नका. त्याची रीत शिकून घ्या. दोष आढळला तर कळवा. आणि मराठीची आवड असेल तर भाषांतराला हात लावा : गिम्पच्या मेनूंचे भाषांतर ग्नोमचे स्वयंसेवक गट करतात आणि तिथे नव्या माणसाला जागा असते.