अ‍ॅक्रनचा टेलिफोन

अमेरिकेतील अ‍ॅक्रन हे रबराचे गाव. 1935 साली तेथे दोन संघटना जन्मल्या. सप्टेंबरात रबर-कामगारांची युनियन उभी राहिली. तिच्याविषयी मी तासभर सुद्धा बोलेन! पण दुसरी होती दारुड्यांची, ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’.

त्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला बिल विल्सन, कंपनीचा डाव फसल्यामुळे, मेफ्लॉवर हॉटेलात एकटा पडला होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. एका अंगाला दारूचा बार, दुसऱ्या अंगाला टेलिफोन आणि भिंतीवर गावातल्या चर्चची यादी. त्याने टेलिफोन उचलला. मागितले काय? डॉक्टर नव्हे, उपदेशकही नव्हे. मला एखादा दारुडा गाठून द्या! दुसऱ्या दारुड्याशी बोलत असलो की आपली तलफ दबते, हे त्याने न्यूयॉर्कलाच ताडले होते. आमच्याकडेही यंत्रावर उभा असलेलाच यंत्रावरच्याला पटवतो. बाहेरच्या वक्त्याला नुसत्या टाळ्या मिळतात.

विचारता विचारता हेन्रिएटा सायबरलिंग या बाई सापडल्या. त्या गुडइयरच्या संस्थापकाची सून. म्हणजे वाट मालकाच्या घरावरून गेली, हेही नमूद केले पाहिजे. त्यांनी डॉ. बॉब स्मिथ या शस्त्रवैद्याची गाठ घालून दिली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि रात्री अकरा वाजून गेल्यावर उठले. पुढे ते एकदा घसरले. अखेरचा घोट 10 जूनचा, असे संघटनेत मानतात.

मग दोघे मिळून इस्पितळात तिसरा शोधायला गेले.