ऑर्केस्ट्रा : फलकावर ‘सहकुटुंब’ का लिहिलेले असते?

बीड जिल्ह्यात गणपती-नवरात्राच्या दिवसांत मंडळांचे फलक लागतात. ‘हिंदी-मराठी गीतांचा बहारदार ऑर्केस्ट्रा’ या ओळीच्या आसपास कुठेतरी ‘सहकुटुंब’ हा शब्द हमखास सापडतो. तो निव्वळ आमंत्रणाचा शिष्टाचार नव्हे. ‘ऑर्केस्ट्रा बार’मुळे हा शब्द शहरांत बदनाम झाला आहे, आणि काही ठिकाणी गाण्यांपेक्षा नाचावरच भर असतो. आजी, सून आणि शाळकरी मुले यांना घेऊन जाता येईल का, हे घरच्यांना त्या एका शब्दावरून कळते.

या जिल्ह्यात त्याला आणखी एक संदर्भ आहे. बीडमधील लाखो माणसे दरवर्षी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकात जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघू लागतात आणि हंगाम संपल्यावरच परततात. अनेक घरांत मागे म्हातारी माणसे आणि मुले राहतात. अशा घरांसाठी भाद्रपद-आश्विन म्हणजे सगळे एका छपराखाली असण्याचे वर्षातले शेवटचे आठवडे. तिकीट नसलेला, चालत जाता येणारा आणि तीन पिढ्यांना एकत्र बसवणारा कार्यक्रम त्या दिवसांत मोलाचा ठरतो.

ऑर्केस्ट्रा म्हणजे नेमके काय?

पाश्चात्त्य संगीतात ऑर्केस्ट्रा म्हणजे पन्नास-शंभर वादकांचा ताफा. मराठी बोलण्यात मात्र चित्रपटगीते रंगमंचावर सादर करणारा दहा-पंधरा कलाकारांचा संच, एवढाच त्याचा अर्थ. कल्याणजी-आनंदजी या जोडीतील कल्याणजींनी संगीतकार म्हणून नाव होण्याआधी मुंबईत ‘कल्याणजी वीरजी अँड पार्टी’ नावाचा असाच वाद्यवृंद चालवला होता. पुढे पुण्याच्या ‘मेलडी मेकर्स’सारख्या संचांनी हा प्रकार महाराष्ट्रभर लोकप्रिय केला.

पूर्वी अ‍ॅकॉर्डियन, मेंडोलिन, व्हायोलिन, बोंगो-कोंगो अशी वाद्ये दिसत. आता दोन कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड, ढोलक-तबला आणि गिटार यांवर बरेचसे भागते. कीबोर्डमध्ये सतार, बासरी, व्हायोलिनांचा ताफा असे आवाज साठवलेले असतात. ‘सैराट’चे (2016) सिम्फनी संगीत अजय-अतुल यांनी अमेरिकेत मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतले, गावच्या रंगमंचावर ‘झिंगाट’ची फर्माईश झाली, की तो सगळा डोलारा कीबोर्डवाल्याच्या दहा बोटांवर येतो. हे काम दिसते त्याहून कितीतरी अवघड आहे, आणि टाळ्या मात्र गायकालाच पडतात.

क्रम साधारण ठरलेला असतो. गणेशवंदना, मग मोहम्मद रफी, लता मंगेशकर, किशोरकुमार यांची जुनी गाणी, मग द्वंद्वगीते, मधे मिमिक्री, त्यानंतर कोळीगीत किंवा लावणी आणि शेवटी नाचायला लावणारी गाणी. यामागे हिशेब आहे: ज्येष्ठ आणि लहान मुले लवकर उठतात, तरुण शेवटपर्यंत थांबतात. चांगला निवेदक समोरची गर्दी पाहून हा क्रम जागेवरच बदलतो.

अलीकडे खर्च वाचवण्यासाठी अनेक संच वादकांऐवजी तयार ‘ट्रॅक’ लावतात. ओळखायची खूण सोपी आहे. गायक चुकला किंवा ‘वन्स मोअर’ आला, तर जिवंत वादक मागे येऊन त्याला सांभाळून घेतात. ट्रॅक आपला पुढे निघून जातो.

आवाज आणि परवानगी

उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला परवानगी लागते. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत तो बंद ठेवावा लागतो. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकते. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये संगीताच्या कार्यक्रमांसाठी 15 मिनिटांची सरासरी 100 डेसिबलच्या वर जाऊ नये, असा निकष दिला. आवाज 3 डेसिबलने वाढला, की कानाला सुरक्षित असलेला वेळ निम्म्यावर येतो. म्हणून तान्ही मुले आणि म्हातारी माणसे ध्वनिक्षेपकाच्या भिंतीसमोर बसवू नयेत. मागची जागा गैरसोयीची वाटली तरी तीच बरी.

गाण्यांच्या हक्कांचा मुद्दा मंडळे सहसा विसरतात. कार्यक्रम फुकट असला तरी गाणी कुणाच्या तरी मालकीची असतात. गीतकार-संगीतकारांच्या वतीने ‘आयपीआरएस’ ही 1969 पासूनची संस्था परवाना देते. कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळींनी विनातिकीट केलेल्या सादरीकरणाला सवलत आहे. मानधन घेणारा व्यावसायिक संच तिच्यात आपोआप बसत नाही.

वेळेची मर्यादा खऱ्या अर्थाने अंगावर येते ती सत्कारांमुळे. फलकावर सातची वेळ असते, पाहुणे आठला येतात, मग शाली, नारळ, हार आणि भाषणे. उरलेल्या वेळात सगळी यादी मावत नाही. तरुणांची गाणी वगळली तर मांडवात गोंधळ होतो, म्हणून कात्री लागते ती सुरुवातीच्या जुन्या गाण्यांना. आजी-आजोबा नेमके त्यांच्यासाठीच पुढची सतरंजी धरून बसलेले असतात.