मापातले पाप आणि दोन मिनिटांची भूक

वसतिगृहात राहत असताना आमच्यापैकी दोघांचा एक नेम ठरून गेला होता. रात्री अकराच्या सुमारास, रेक्टरांची फेरी आटोपली की, कपाटामागे लपवलेली विजेची शेगडी बाहेर यायची आणि तिच्यावरच्या चहाच्या पातेल्यात झटपट नूडल्सचे एक पाकीट दोघांत शिजायचे. नूडल्सची चौकोनी वडी पातेल्यात सरळ बसत नसे. तिचे कोपरे कडांना अडत, म्हणून ती आधी मोडून घ्यावी लागे. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याच पातेल्यात, त्याच प्रकारचे पाकीट घरातल्या मुलासाठी उघडले, तेव्हा वडी न मोडता तळाशी अलगद बसली आणि भोवती बोटभर जागा उरली. आधी वाटले, आठवण मोठी झाली असेल, कारण लहानपणीचे वाडे आणि विहिरीही पुन्हा पाहिल्यावर लहानच दिसतात. पण पाकीट उलटून बारीक छपाई वाचली तेव्हा उलगडा झाला. वजन खरोखरच उतरले होते. मधल्या काळात ते केव्हा उतरले, हे आम्हांस कोणी सांगितले नव्हते आणि आम्हीही कधी विचारले नव्हते.

मराठीत अशा व्यवहाराला ‘मापात पाप’ असा रोखठोक शब्दप्रयोग आहे. पण त्याचा रोख खोट्या मापावर आहे. शेराखाली मेण लावणारा, तागडीला अंगठा टेकवणारा, मापटे शिगेऐवजी सपाट भरणारा दुकानदार त्यात अभिप्रेत आहे. पाकिटाची गोष्ट वेगळी आहे. तेथे वजन खरे असते, छापलेले असते, कायद्याला धरून असते. मग आपल्याला फसवल्यासारखे का वाटते? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर थोडे मागे, नूडल्सच्याही आधीच्या काळात जावे लागते.

भाव कायम ठेवून वजन कमी-जास्त करण्याची रीत आजच्या कंपन्यांनी शोधलेली नाही. तेराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये तोच देशाचा कायदा होता. सुमारे १२६६ साली तेथे पाव आणि बिअर यांच्या विक्रीविषयी जो नियम झाला, त्यात पावाची किंमत स्थिर होती आणि वजन धान्याच्या भावाप्रमाणे बदलत असे. बारा पेन्सला एक क्वार्टर गहू मिळत असेल, तर एका फार्दिंगच्या पांढऱ्या पावाचे वजन किती असावे, गहू महागला तर ते किती उतरावे, याचे कोष्टकच नियमात दिलेले होते. गंमत अशी की, ते वजनही पौंड आणि शिलिंग या नाण्यांच्या भाषेत सांगितलेले आहे. ही व्यवस्था लंडनमध्ये १८२२पर्यंत आणि उर्वरित इंग्लंडमध्ये १८३६पर्यंत टिकली.

किंमत स्थिर ठेवण्याचे कारण साधे होते. गरिबाच्या हाती जे सर्वांत लहान नाणे असे, त्याच्याखाली उतरायला वाव नव्हता. नाण्याचे तुकडे करता येत नाहीत, पावाचे करता येतात. म्हणून गव्हाच्या महागाईचा भार पावाने सोसायचा, असे ठरले. पण या व्यवस्थेत एक गोष्ट निर्विवाद होती. वजन किती उतरणार हे भट्टीवाला ठरवत नसे. गव्हाचा बाजारभाव पाहून नगराचे अधिकारी ते ठरवत, आणि त्याहून हलका पाव विकणाऱ्याला दंड होई. वारंवार तसे केले तर त्याला भर चौकात खोड्यात उभे करीत. पाव लहान होई, पण तो का लहान झाला हे साऱ्या गावाला ठाऊक असे.

आता नूडल्सकडे येऊ. ज्या पदार्थाला आज जगभर स्वस्ताईचे प्रतीक मानतात, तो जन्मला तेव्हा स्वस्त नव्हता. मोमोफुकु आंदो या गृहस्थांचा जन्म १९१०चा, तेव्हा जपानी अमलाखाली असलेल्या तैवानमधला. युद्धानंतरच्या ओसाकात काळ्या बाजारातल्या रामेनच्या एका ठेल्यापुढे कडाक्याच्या थंडीत लागलेली लांबच लांब रांग त्यांनी पाहिली आणि ती त्यांच्या मनातून गेली नाही. तो काळ अमेरिकेतून येणाऱ्या गव्हाचा होता आणि त्या गव्हाचा पाव खावा असा प्रचार जपानात चालला होता. आंदोंना प्रश्न पडला की, पूर्वेकडच्या माणसाने गव्हाचा शेवया-नूडल्सच का करू नये? मधल्या काळात त्यांचे धंदे बुडाले, पतसंस्थेच्या दिवाळखोरीत होते-नव्हते ते गेले, आणि अखेर ओसाकाजवळच्या इकेदा गावी घरामागच्या खोपटात त्यांनी प्रयोग सुरू केले.

अडचण टिकाऊपणाची होती. ओल्या नूडल्स नासतात, आणि उन्हात वाळवलेल्या शिजायला वेळ घेतात. पत्नी टेम्पुरा तळत असताना त्यांना वाट सापडली, असे सांगतात. उकळत्या तेलात पडल्याबरोबर पिठातले पाणी वाफ होऊन बाहेर धावते आणि मागे बारीक बारीक छिद्रे सोडून जाते. नूडल्स कोरड्या होतात म्हणून महिनोन्‌महिने टिकतात, आणि त्याच छिद्रांतून गरम पाणी आत शिरते म्हणून काही मिनिटांत मऊ होतात. २५ ऑगस्ट १९५८ रोजी ‘चिकन रामेन’ बाजारात आले. किंमत होती ३५ येन. त्या वेळी ताज्या उदोनचा गोळा सहा येनला मिळत असे. म्हणजे हा ‘गरिबांचा’ पदार्थ नेहमीच्या पदार्थाच्या जवळजवळ सहापट महाग होता. तरीही लोकांनी तो उचलला, कारण ते नूडल्सबरोबर वेळही विकत घेत होते. सरपण, रस्सा, भांडी, उभे राहण्याचे कष्ट, सारे त्या पाकिटात आधीच चुकते केलेले होते. भाव खाली आला तो पुढे, कारखाने वाढले आणि स्पर्धक आले तेव्हा.

दक्षिण कोरियात मात्र हा पदार्थ प्रथमपासूनच भुकेच्या पोटी आला. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या सेऊलच्या नामदेमुन बाजारात अमेरिकी लष्कराच्या उष्ट्यामाष्ट्यातून उकळलेली पेज पाच वॉनला विकली जात होती, आणि तिच्यासाठीही रांगा लागत. ते दृश्य पाहून सामयांग कंपनीच्या संस्थापकांनी जपानच्या म्योजो कंपनीकडून तंत्र आणले. १५ सप्टेंबर १९६३ रोजी त्यांचे पहिले रामेन निघाले. वजन १०० ग्रॅम, किंमत दहा वॉन. तांदळाचा तुटवडा असलेल्या त्या देशात सरकारनेही गव्हाच्या पदार्थांचा पुरस्कार केला, आणि कोरियन जेवणात रामेन कायमचे स्थिरावले.

आपल्याकडे हे पाकीट १९८३ साली ‘मॅगी’ या नावाने आले. या नावामागेही कामकरी वर्गाच्या पोटाचाच इतिहास आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. ज्युलियस मॅगी हा स्वित्झर्लंडमधला पिठाच्या गिरणीचा मालक. १८८०च्या दशकात तेथल्या कारखान्यांत बायका दिवसभर राबू लागल्या, चुलीसाठी वेळ उरेना आणि मुलांची आबाळ होऊ लागली. तेव्हा एका लोकहितवादी संस्थेच्या आग्रहावरून त्याने डाळी-कडधान्यांच्या पिठाची, लवकर शिजणारी पौष्टिक सुपे तयार केली. शंभर वर्षांनी तेच नाव भारतात मैद्याच्या नूडल्सवर आले. मधल्या वाटेत डाळ गळाली आणि ‘लवकर’ तेवढे उरले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या पदार्थाच्या मोहाला तुच्छ लेखणे सोपे आहे, पण आम्हांस ते योग्य वाटत नाही. खोलीवर एकटा राहणारा विद्यार्थी, दोन पाळ्या करून परतलेली परिचारिका, सिंहगडाच्या किंवा हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर पावसात भिजलेले भटके, यांना गरम, खारट, वाफाळलेले काहीतरी दहा मिनिटांच्या आत समोर हवे असते. तळणीतले तेल, मीठ आणि मसाल्याच्या पुडीतली ती रसना चाळवणारी चव मिळून पोटाला भरल्याचा भास देतात. प्रथिने आणि तंतू अत्यल्प असल्याने तो भास फार टिकत नाही, हेही खरे. पण भुकेल्या माणसाला भासाचीही किंमत असते, आणि म्हणूनच त्या पाकिटाच्या वजनाचा प्रश्न क्षुल्लक नव्हे. चैनीच्या चॉकलेटातून दहा ग्रॅम गेले तर चैन थोडी कमी होते, पण ज्याचे रात्रीचे जेवणच ते पाकीट आहे, त्याचे जेवण कमी होते.

आता भाव स्थिर ठेवण्याचे कारण पाहू. आपल्याकडे छापील किमतीचा नियम आहे आणि व्यवहार नाण्यांत चालतो. पंचवीस पैशांचे नाणे २०११ साली चलनातून गेले, पन्नास पैसे हाती घेताना दुकानदार तोंड वाकडे करतो. पाच आणि दहा रुपये हे आजचे फार्दिंग आणि पेनी होत. मैदा किंवा पामतेल महागले आणि दहाच्या पाकिटाचे अकरा केले, तर गिऱ्हाईक बिचकते, सुट्ट्याची पंचाईत होते आणि शेजारचे दहाचे पाकीट उचलले जाते. वजन पाच ग्रॅमने उतरवले तर कोणाच्याच ध्यानात येत नाही. अमेरिकेतल्या हर्शी चॉकलेटची पाच सेंटांची वडी याच युक्तीने १९६९पर्यंत पाच सेंटांचीच राहिली. कोकोच्या भावाबरोबर तिचे वजन तेवढे खालीवर होत राहिले.

ज्याला मोठे पाकीट परवडते, त्याची झळ बहुधा कमी असते. याचा एक हिशेब छापील किमतींवरूनच करता येतो. मार्च २०२२मध्ये मॅगीचे भाव वाढले, तेव्हा ७० ग्रॅमचे पाकीट १२ रुपयांवरून १४ झाले आणि ५६० ग्रॅमचे ९६ वरून १०५. वाढीपूर्वी दोन्हींचा दर सारखाच, ग्रॅमला सुमारे सतरा पैसे होता. वाढीनंतर सुटे पाकीट घेणाऱ्याला ग्रॅममागे वीस पैसे पडू लागले आणि मोठे घेणाऱ्याला पावणेएकोणीस. पहिल्याची वाढ सोळा टक्क्यांहून अधिक, दुसऱ्याची साडेनऊच्या आत. यात कोणाचा दुष्टावा शोधण्याची गरज नाही. चौदाच्या खाली तेरा आणि पंधरा पैकी काय सोयीचे, एवढाच तो हिशेब असेल. पण ज्याच्या खिशात एका वेळी एकाच पाकिटाचे पैसे असतात, त्याला गोल आकड्याचा भुर्दंड नेहमीच अधिक पडतो.

कायदा याबाबतीत काय करतो? भारतात १९७७च्या नियमांपासून पाकिटावर निव्वळ वजन छापणे बंधनकारक आहे. चहा, बिस्किटे, खाद्यतेल, मीठ अशा काही वस्तू ठरावीक वजनांतच विकाव्यात, अशी एक अनुसूचीही होती. २०२१ साली केलेल्या दुरुस्तीने ती अनुसूची काढून टाकली आणि त्याऐवजी ग्रॅमला किंवा किलोला किती पैसे पडतात, ते छापण्याची सक्ती आणली. ही सुधारणा चांगली आहे, मात्र ती आजचा दर सांगते, कालचा सांगत नाही. फ्रान्सने १ जुलै २०२४पासून मोठ्या दुकानांना, वजन घटून दर वाढला असेल तर तशी पाटी वस्तूजवळ लावायला सांगितले. दक्षिण कोरियानेही त्याच वर्षी ऑगस्टपासून, न सांगता वजन उतरवणे हा दंडनीय व्यवहार ठरवला. जेथे शंभर ग्रॅमचे पाकीट भुकेवरचा उतारा म्हणून आले, त्याच देशाला साठ वर्षांनी असा नियम करावा लागला.

आणखी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. जगात झटपट नूडल्सचा खप किती, याचे आकडे त्या उद्योगाची जागतिक संघटना दरवर्षी प्रसिद्ध करते. २०२३ साली तो एकशे वीस अब्जांवर होता. पण हा हिशेब पाकिटे आणि कप मोजून केलेला असतो, वजनाने नव्हे. पाकीट जितके लहान होईल आणि एकाच्या जागी दोन लागतील, तितका हा आकडा फुगेल. आमच्या त्या पातेल्यातली बोटभर रिकामी जागा त्या कोष्टकात वाढ म्हणूनच दिसेल.

याच्या उलट एक उदाहरण मुंबईच्या रस्त्यावर आहे. ‘कटिंग’ म्हणजे अर्धा चहा. तो अर्धा आहे हे त्याच्या नावातच सांगितलेले असते, मागणारा ते जाणून मागतो आणि देणारा ते जाणून देतो. अर्धा प्याला घेऊन तेथे कोणी फसल्यासारखे परतत नाही. त्या जुन्या इंग्रज नगरातला हलका पावही असाच, सर्वांदेखत हलका होई. पाकिटाविषयी आमची तक्रार महागाईची नाही. गहू महागतो, तेल महागते, हे भारतातल्या कोणत्याही स्वयंपाकघराला नव्याने शिकवावे लागत नाही. तक्रार एवढीच आहे की, वजन उतरले ते आम्हांला आमच्याच पातेल्याने सांगितले, विकणाऱ्याने नव्हे.

परवा त्या मुलाने ताटली पुसून घेतली आणि विचारले, “अजून एक करू या?” आम्ही दुसरे पाकीट फोडले. तेही मोडावे लागले नाही.