एकच गाडी, एकच दिवस

आमच्या लॅबमधल्या एका सिनिअरची हॅचबॅक चौदा वर्षांची आहे. रोज येऊन-जाऊन चाळीसेक किलोमीटर, आणि शेवटचा पट्टा कायम खोदलेला. स्पीड ब्रेकरवर चेंबर घासायचा, म्हणून त्याने चारही स्प्रिंगवर स्पेसर टाकून गाडी दोन इंच उचलून घेतली. गाडी गॅरेजला गेलीच आहे तर म्हणून त्याच दिवशी पुढचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलले आणि टायरही एक साइझ मोठे घातले. महिन्याभरात तीन तक्रारी: वळताना पुढून कटकट आवाज, टायर एकाच कडेने झिजतायत, आणि हायवेवर गाडी डुलते. यातलं काय कशामुळे, हे त्याला सांगता येईना. रोज ज्याच्या डेटात 'कंट्रोल कुठंय?' असं तो मला विचारतो, त्याच माणसाला!

तुम्ही पेट किंवा नेटसाठी व्हेरिएबल आणि कंट्रोलच्या व्याख्या पाठ केल्या असतील. त्या व्याख्यांपेक्षा मला गाड्यांच्याच इतिहासातली एक गोष्ट जास्त उपयोगी वाटते.

मॉरिस ऑली हा रोल्स-रॉईसमध्ये घडलेला इंजिनिअर. 1930 मध्ये तो अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीत आला. तेव्हाच्या बहुतेक गाड्यांमध्ये पुढच्या स्प्रिंग कडक आणि मागच्या मऊ असत. खड्डा आला की गाडी होडीसारखी पुढेमागे झुलायची आणि मागे बसलेल्यांचे हाल व्हायचे. यावर मतं भरपूर होती. कोणी गादीला दोष द्यायचं, कोणी टायरला. 1932 मध्ये ऑलीच्या गटाने सात आसनी लिमोझिनवर एक प्रयोगगाडी तयार केली. पुढे-मागे वजनं सरकवून तिचा जडत्व आघूर्ण बदलता यायचा आणि पुढच्या-मागच्या स्प्रिंगचा मऊपणाही कमीजास्त करता यायचा. तिला 'के-स्क्वेअर रिग' म्हणत. हा 'के' म्हणजे आपण बीएस्सीला शिकलेली रेडियस ऑफ जायरेशन!

गंमत अशी, की प्रवास किती सुखद आहे हे मोजायला त्यांच्याकडे यंत्र नव्हतं. गाडीत बसायचं, फिरायचं आणि काय वाटतं ते सांगायचं. आज एखाद्या गाईडने असा डेटा बघितला तर सिनॉप्सिस परत येईल. पण बदल एकाच गाडीवर होत होते आणि आधीचा अनुभव ताजा असतानाच पुढचा मिळत होता. सोमवारी एक गाडी आणि महिन्याभराने दुसरी, असं असतं तर त्या 'वाटण्या'ला काही किंमत उरली नसती. तुलना नीट रचलेली असेल तर साधं मापनही पुष्कळ सांगून जातं.

निष्कर्ष प्रचलित पद्धतीच्या नेमका उलट निघाला: पुढच्या स्प्रिंग मागच्यांपेक्षा मऊ हव्यात. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला थोड्या वेळाने. मागची बाजू जरा वेगाने कंप पावली तर ती पुढचीला गाठते आणि झुलण्याऐवजी गाडी सपाट वरखाली होते.

आता पुढच्या स्प्रिंग मऊ करायच्या आणि विषय संपवायचा, असं कुणालाही वाटेल. पण त्या काळी पुढची दोन्ही चाकं एकाच अखंड अ‍ॅक्सलवर असत. स्प्रिंग मऊ केल्या की ती चाकं थरथरायला लागायची, स्टिअरिंग हातात नाचायचं. शेवटी अ‍ॅक्सलच काढून टाकावा लागला, आणि जनरल मोटर्सच्या 1934 च्या गाड्या पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन घेऊन आल्या. बदलायची होती स्प्रिंग. बदललं गाडीचं सगळं तोंड.

उंचीचंही तसंच असतं. अमेरिकन मोटर्सने 1980 च्या मॉडेलसाठी आपली जुनी काँकॉर्ड ही रोजच्या वापरातली गाडी सुमारे तीन इंच उचलून चारही चाकांना जोर दिला आणि 'ईगल' म्हणून विकली. प्रमुख इंजिनिअर होता रॉय लन. त्याने नुसते ठोकळे घातले नाहीत. पुढचा डिफरन्शियल इंजिनलाच बसवला, चाकांना स्वतंत्र शाफ्ट आणि सीव्ही जॉइंट दिले. त्यामुळेच तीन इंचांत भागलं. जीपसारखा अखंड अ‍ॅक्सल खाली घातला असता तर गाडी आणखी उंच करावी लागली असती.

आमच्या सिनिअरच्या गाडीचं गणित तुम्हीही वहीत करून बघा. शाफ्ट समजा 40 सेंटिमीटरचा आहे आणि आतलं टोक 5 सेंटिमीटर वर गेलं; कोन सुमारे 7 अंशांनी वाढला. जुना जॉइंट वळणावर कटकट का करेल, याचा एक दावेदार मिळाला. चाकांमधलं अंतर 1300 मिलिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची 520 धरली, तर अंतर भागिले दुप्पट उंची 1.25 येते. उंची 570 केली की 1.14. म्हणजे उलटण्याविरुद्धची राखीव जागा जवळपास नऊ टक्क्यांनी घटली. डुलण्याचंही एक कारण इथे असू शकतं. पण नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि मोठे टायरही संशयित आहेतच, आणि टायर झिजण्याला तर बिघडलेलं अलाइनमेंट पुरेसं आहे. वहीतलं गणित दावेदार देतं, निकाल देत नाही.

परवा त्याने जुने टायर परत चढवले. बाकी कशालाही हात लावला नाही. त्याच रस्त्याने, त्याच वेगाने जाऊन आला आणि कागदावर लिहिलं: आवाज तसाच, डुलणं थोडं कमी. पुढच्या शनिवारी अलाइनमेंट. स्पेसर त्यानंतर.