हात, साखळी आणि पोलादी फीत

घर बांधावयाचे म्हटले की सिमेंट, लोखंड व लाकूड यांची पारख करण्यात आपण दिवसच्या दिवस घालवितो. पण ज्या वस्तूवर या साऱ्यांचा हिशेब उभा असतो, त्या मापाच्या फितीकडे फारसे कोणी पाहत नाही. वस्तुतः मालक, आराखडा काढणारा, गवंडी व सुतार यांच्यामधील करारच त्या फितीवर लिहिलेला असतो. तो करार कसा पक्का होत गेला हे पाहिले, म्हणजे आज कोणती फीत घ्यावी हेही उमगते.

बारा अंगुळांची वीत, दोन वितींचा हात आणि चोवीस तसूंचा गज, ही आपली जुनी मापे. शरीराचे माप घरी विसरण्याची भीती नव्हती. परंतु उंच माणसाचा हात ठेंगण्याच्या हाताशी जुळत नसे. एकच कारागीर आपलेच माप आरंभापासून अखेरपर्यंत वापरी, तेव्हा काम निभावून जाई; दुसरा आला की घोटाळा. अकबराने ४१ अंगुळांचा इलाही गज ठरविला, तो ही विविधता आवरण्यासाठीच.

पुढे १८०२ साली विल्यम लॅम्ब्टन याने मद्रासजवळ साडेसात मैलांची पायारेषा मोजली. त्याची साखळी पोलादी, शंभर फुटांची. उन्हाने पोलाद वाढते, म्हणून ती तंबूंच्या सावलीत, लाकडी पेट्यांत ठेवून, उष्णतामापक पाहत मोजणी झाली; आणि दुसरी एक साखळी केवळ पडताळ्यासाठी राखून ठेवली होती. हाच लॅम्ब्टन १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे कामावर असतानाच निवर्तला. मोजण्याचे साधनही मोजून पाहावे लागते, हा त्याच्या कामाचा धडा.

साखळी जड. १८२९ साली शेफील्डच्या जेम्स चेस्टरमनने स्प्रिंगने गुंडाळल्या जाणाऱ्या फितीचे पेटंट घेतले. १९२२ साली अमेरिकेत हायरम फॅरंड याला पन्हळीसारख्या बाक दिलेल्या पोलादी पट्टीचे पेटंट मिळाले. त्या बाकामुळे पट्टी ताठ उभी राहते, आणि एकटा माणूसही भिंतीची उंची घेऊ शकतो.

आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली. तरी आराखडा मिलिमीटरमध्ये आणि गवंड्याची भाषा फूट, इंच व सुतांची, असे आजही घडते. दहा फूट म्हणजे ३.०४८ मीटर. कोणी ते सरळ तीन मीटर धरले, तर खोली जवळजवळ दोन इंचांनी आखूड होते, आणि त्या मापावर आधीच बेतून ठेवलेले कपाट दाराबाहेर राहते.

म्हणून फीत घेताना चार गोष्टी पाहाव्यात. खोलीतील कामास पाच मीटरची ताठ पट्टी पुरते. पायाच्या आखणीस तीस मीटरची पोलादी फीत हवी. कापडी फीत ताणाने व दमटपणाने लांबी बदलते, ती पायाच्या कामास नको. पोलादी फीतही वीस अंश तापली तर तीस मीटरमध्ये सुमारे सात मिलिमीटर वाढते. शिवाय मध्ये झोळ पडला तर माप खऱ्याहून अधिक भरते. टोकाचा हूक किंचित हलतो, तो दोष नव्हे: आतून टेकवा वा बाहेरून अडकवा, हुकाच्या जाडीइतकी भरपाई तो आपोआप करतो. पण तो वाकला असेल, तर ती फीत बाद समजावी.

सर्वांत महत्त्वाचे हे की, कामाच्या पहिल्या दिवशी सर्वांच्या फिती एका लांबीवर शेजारीशेजारी लावून पाहाव्यात. आखलेल्या चौकोनाचे दोन्ही कर्ण समान येतात की नाही, हेही त्याच दिवशी पाहावे. पाया भरल्यावर हे शहाणपण सुचले, तर त्याची किंमत विटांत व मजुरीत मोजावी लागते.