भीमजयंती (कंधार परिसर)

भीमजयंती (कंधार परिसर) : डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल १८९१–६ डिसेंबर १९५६) यांच्या जन्मदिनानिमित्त नांदेड जिल्ह्यातील कंधार तालुक्यात, तसेच लगतच्या लोहा, मुखेड आणि लातूर जिल्ह्यातील अहमदपूर, जळकोट या तालुक्यांत होणारा लोकोत्सव. बोलण्यात तिला नुसतीच ‘जयंती’ म्हणतात; दुसऱ्या कुणाची असली तर नाव घ्यावे लागते. सरकारी सुटी एकाच दिवसाची, १४ एप्रिलची. मन्याडच्या खोऱ्यात मात्र जयंती १३ एप्रिलच्या मध्यरात्री लागते आणि मे सरेपर्यंत गावोगाव चालू राहते. तिचे हे लांबणे आणि मिरवणुकीचा रस्ता, या दोन गोष्टी कळल्या की इथली जयंती कळते.

सार्वजनिक भीमजयंतीची सुरुवात पुण्यात झाली असे मानले जाते. जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी १४ एप्रिल १९२८ रोजी ती साजरी केली, तेव्हा स्वतः बाबासाहेब ३७ वर्षांचे होते. कंधार त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मराठवाड्यात चळवळीने जोर धरला तो त्यानंतर. भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नडजवळ मक्रणपूर येथे परिषद भरली आणि बाबासाहेब तिला आले. ‘जयभीम’ हा अभिवादनाचा शब्द या परिषदेपासून मराठवाड्यात रुळल्याचे सांगतात. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. १९५० साली औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय निघाले. मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेत नांदेड, लातूरकडची पोरे पत्र्याची पेटी घेऊन शिकायला गेली आणि मास्तर, कारकून, वकील होऊन परतली. जयंती खेड्यापर्यंत पोचली ती बऱ्याच अंशी या पोरांच्या हातून. सुटीत गावी आलेल्या विद्यार्थ्याने तसबीर आणायची आणि वस्तीने तिच्यापुढे जमायचे, एवढीच ती असे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर तिला त्रिशरण-पंचशीलाचा विधी जोडला गेला.

तालुक्याच्या गावी रात्री १२ च्या ठोक्याला मेणबत्त्या लागतात, फटाके वाजतात, अलीकडे केकही कापतात. सकाळी पंचशील ध्वज चढतो, भन्ते किंवा बौद्धाचार्य वंदना घेतात. बाया पांढऱ्या साड्या नेसून ओळीने उभ्या असतात. एप्रिलात इथले ऊन चाळिशीच्या पुढे जाते, म्हणून मिरवणूक दिवस कलल्यावर निघते. वाटेत पाणपोया, सरबताचे पिंप, खीरदान चालू असते. कंधार हे राष्ट्रकूटांच्या किल्ल्याचे, जगत्तुंग समुद्र तलावाचे आणि हाजी सय्याह यांच्या दर्ग्याचे गाव. मुसलमान वस्ती मोठी असलेल्या अशा गावांत मिरवणुकीतल्या माणसांना पाणी देणारे हात बहुतेक वेळा शेजारच्या मोहल्ल्यातले असतात. ११ एप्रिल ही महात्मा फुले यांची जयंती. तिच्यापासून १४ पर्यंत व्याख्याने, रक्तदान, निबंधस्पर्धा असे चार दिवस बांधण्याची रीत आहे. सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रमही होतो. पहाटे विहारात पुस्तक घेऊन बसलेली पोरे-पोरी रात्री उशिरा उठतात. ज्याचा जन्मदिवस आहे त्याला शोभेल असे याहून दुसरे काही नाही.

खेड्यातली जयंती वेगळी. ती १४ तारखेला नसतेच. कधी २२ एप्रिल, कधी ५ मे, कधी बुद्धपौर्णिमेला धरून. कारणे व्यवहाराची आहेत. चौदाला वक्ते, गायक, बँडवाले शहरांत अडकलेले असतात आणि बंदोबस्ताला पोलीसही पुरत नाहीत. शिवाय एका गावची जयंती दुसऱ्या गावाला पाहता आली पाहिजे, पाहुणे आले-गेले पाहिजेत. यातले सगळ्यात मोठे कारण पोटाचे आहे. बालाघाटच्या या कोरडवाहू पट्ट्यातून ऊसतोडीला कोयते जातात, पुण्या-मुंबईला आणि हैदराबादला माणसे मजुरीला जातात. कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की गाड्या परततात, घराची कुलपे निघतात. माणूस गावात आल्याशिवाय जयंती कुणाची? म्हणून तारीख माणसांची वाट पाहते. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, लेकरांना वर्षातले नवे कापड याच वेळी मिळते. या घरांत दिवाळीची जागा जयंतीने घेतली आहे.

तयारी पट्टीपासून सुरू होते. समाजमंदिरात बैठक बसते, घरटी रक्कम ठरते आणि दोनशे पानी वहीत नावापुढे आकडा चढतो. नोकरीवाल्याचा आकडा मोठा असतो. एकट्या म्हातारीला पट्टी माफ केलेली असते. तरी ती पदराच्या गाठीतली पन्नासाची नोट सोडून वहीवाल्यापुढे धरते आणि नाव लिहिलेले दाखव म्हणते. तिला वाचता येत नाही. पोरगा बोट ठेवून दाखवतो, मग ती घराकडे वळते.

रात्री गायन पार्टी असते. हार्मोनियम, ढोलकी, खंजिरी आणि दोन गायकांचा सवाल-जवाब. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या गाण्यांशिवाय कार्यक्रम पुरा होत नाही. मध्येच कुणी दहा रुपये बक्षीस देतो, गायक त्याचे नाव, बापाचे नाव आणि गाव कर्ण्यावरून सांगतो. बाबासाहेब या घरांत आधी गाण्यातून आले आणि पुस्तकातून नंतर. डीजेच्या भिंती आल्यापासून पार्ट्यांची सुपारी घटली आहे. हे नुकसान मोठे आहे, कारण डीजेवर नाचता येते, पण गाण्यातला इतिहास त्यातून पुढच्या पिढीकडे जात नाही.

मिरवणूक हा या जयंतीचा कणा आहे. जुन्या गावरचनेत दलितांची वस्ती गावकुसाबाहेर. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. पाट्यांवर भीमनगर, समतानगर आले. जागा मात्र तीच राहिली. तिथून निघालेली मिरवणूक वेशीतून आत शिरते. पार, मारुतीचे देऊळ, चावडी यांवरून फिरून परत येते. ज्या वेशीत आज्या-पणज्याला वहाणा हातात घ्याव्या लागत, तिथून ट्रॅक्टरवर बाबासाहेबांची तसबीर जाते. परवानगीच्या अर्जात मार्ग लिहावा लागतो आणि तंटा उभा राहतो तो त्या ओळीवरच. ‘तुमच्या गल्लीत काय करायचं ते करा, गावातून कशाला’ हे वाक्य मराठवाड्यात जयंती मंडळात काम केलेल्या माणसाला पाठ असते.

त्या वाक्यामागे रक्ताचा इतिहास आहे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे मातंग समाजातील पोचीराम कांबळे यांना ऑगस्टमध्ये ठार करण्यात आले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. म्हणून इथल्या जयंतीच्या भाषणांत महाडच्या सत्याग्रहाबरोबर टेंभुर्णीही येते. आणि हा इतिहास मिटलेला नाही : नांदेडजवळच्या बोंढार हवेली गावात १ जून २०२३ रोजी एका तरुण भीमसैनिकाचा खून झाला. गावात प्रथमच भीमजयंती काढण्यात तो पुढे होता आणि त्याच रागातून हे घडल्याची घरच्यांची तक्रार होती.

अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची सुटी जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी असते. तिचा कायदा १९८३ चा, पहिली सुटी १९८६ ची. तिथेही लोक मोर्चाने चालतात आणि सेवेची कामे करतात. माणसाला रस्त्यावर बरोबरीने चालण्याचा हक्क मागणाऱ्या दोघांच्या स्मरणाचे मुख्य रूप चालणे हेच असावे, हे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे.

२०२० आणि २०२१ या करोनाच्या दोन वर्षांत मिरवणुका निघाल्या नाहीत. घराघरांत तसबिरीपुढे दिवे लागले आणि शहरांत अडकलेली माणसे फोनवरून वंदनेत सामील झाली. पुढच्या वर्षी तारखा पुन्हा मेपर्यंत पसरल्या.

परिसरातल्या शेवटच्या जयंत्या मिरगाच्या तोंडावर होतात. दुसऱ्या दिवशी कमान उतरते, निळ्या पताका घडी करून समाजमंदिराच्या पेटीत जातात, उरलेल्या पट्टीचा हिशेब सगळ्यांसमोर वाचला जातो. लेकी एसटीने सासरी निघतात आणि पुरुष पेरणीच्या मजुरीला लागतात.