अकलूजमध्ये मोठी आपत्ती आली, तर जखमींना कुठे न्यायचं?

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जनानंतरची पहाट. 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला आणि दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. जखमींना मिळेल त्या वाहनाने उमरगा, लातूर आणि थेट सोलापूरपर्यंत न्यावं लागलं. तेव्हा 108 क्रमांकाची रुग्णवाहिका नव्हती आणि आपत्ती व्यवस्थापन कायदाही नव्हता.

आज दोन्ही आहे. 2005च्या कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असतं आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. महाराष्ट्रात 108 सेवा 2014मध्ये सुरू झाली ती 937 रुग्णवाहिकांसह. 36 जिल्ह्यांत सरासरी काढली, तर जिल्ह्याला 26 गाड्या. एकाच ठिकाणी शंभर जखमी असतील, तर या गाड्या पुरणार नाहीत, हे उघड आहे.

पण अडचण फक्त गाड्यांची नसते.

आधी कोण पोहोचतं?

मोठ्या दुर्घटनेनंतर दवाखान्यात सर्वात आधी किरकोळ जखमी पोहोचतात. ते चालू शकतात, कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसू शकतात. गंभीर जखमी तोवर ढिगाऱ्याखालीच असतात. ते येईपर्यंत जवळच्या रुग्णालयातल्या खाटा भरलेल्या असतात आणि डॉक्टर टाके घालण्यात अडकलेले असतात.

म्हणून जखमींची वर्गवारी रुग्णालयाच्या दारात न करता, घटनास्थळाजवळच्या सुरक्षित मैदानावर करायची असते. डॉक्टर याला ‘ट्रायाज’ म्हणतात. मिनिटाला 30पेक्षा जास्त श्वास, मनगटाची नाडी लागत नाही किंवा ‘हात दाबा’ एवढी साधी सूचनाही पाळता येत नाही, यापैकी एक जरी असेल तरी लाल पट्टी. थोडं थांबू शकतील त्यांना पिवळी, चालू शकतील त्यांना हिरवी. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास सुरू होत नसेल, तर काळी. ही शेवटची पट्टी बांधणं सर्वात अवघड, कारण नातेवाईक समोरच उभे असतात.

अकलूजचं गणित

अकलूजमध्ये उपजिल्हा रुग्णालय आहे, खासगी रुग्णालयंही आहेत. पण सोलापूरचं मोठं शासकीय रुग्णालय शंभर किलोमीटरहून लांब, म्हणजे साधारण दोन तासांवर. तीव्र रक्तस्राव होणाऱ्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो. त्यामुळे लाल पट्टीवाल्यांचा रक्तस्राव अकलूजमध्येच थांबवून, प्रकृती स्थिर करून मगच पुढे न्यायचं. पिवळ्या पट्टीवाल्यांना पंढरपूर किंवा बारामतीकडे पाठवायचं. हिरव्या पट्टीवाल्यांना रुग्णालयाऐवजी शाळेत किंवा मंगल कार्यालयात आणायचं. त्यांच्यासाठी रुग्णवाहिकाही लागत नाही, एसटी बस पुरते.

इथे नीरा नदीचाही विचार हवा. वीर धरणातून मोठा विसर्ग सुरू असताना सराटीकडचा पूल बंद झाला, तर इंदापूर-बारामतीची वाट तुटते. आपत्ती पुराचीच असेल, तर नेमकी हीच वेळ असते. म्हणून कागदावर एक मार्ग लिहून भागत नाही, दुसरा आधीच ठरवावा लागतो.

गर्दीत तात्पुरती वैद्यकीय सोय उभारणं या गावाला नवं नाही. संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी नीरा ओलांडून अकलूजला येते, रिंगण होतं आणि वारकऱ्यांसाठी आरोग्य पथकं, रुग्णवाहिका सज्ज असतात. फरक एवढाच, की पालखीची तारीख आधी माहीत असते.

चालक आणि वही

मैदानाला गाड्या आत यायला एक आणि बाहेर पडायला दुसरी वाट हवी. नाहीतर रुग्णवाहिका रुग्णवाहिकेलाच अडवते. चालकाने गाडी सोडून बचावकार्यात उतरायचं नाही. हा नियम कठोर वाटतो, पण किल्लीसह गायब झालेला चालक मागच्या सगळ्या गाड्या थांबवतो.

बाहेर पडण्याच्या वाटेवर एक माणूस वही घेऊन बसवायचा: जखमीचं नाव, नाव कळत नसेल तर कपडे आणि अंदाजे वय, पट्टीचा रंग, गाडीचा क्रमांक, कोणत्या रुग्णालयात रवाना, किती वाजता. त्याची प्रत 1077 या जिल्हा नियंत्रण कक्षाकडे जायला हवी, कारण नातेवाईकांचे फोन तिथेच येतात.